मदत हवी आहे: बेरियम टायटनेटमधलं (सिरॅमिक पावडर) उरलेल्या कार्बोनेटचं पीक (आलेखातलं टोक) जातच नाही

मृण्मयी_एमएस्सी: पुन्हा पुन्हा भाजूनही एक्सआरडीत (क्ष-किरण चाचणीत) २४ अंश कोनाजवळचं पीक तसंच. सर रिझल्ट मागतायत. प्लीज लवकर सांगा.

भट्टीवाला: पद्धत कुठली? तापमान, तास? काहीच लिहिलं नाहीये.

मृण्मयी_एमएस्सी: सॉलिड स्टेटच. बेरियम कार्बोनेट आणि टायटानिया (टायटॅनियम डायऑक्साइड) खलात घोटून ९०० सेल्सियसला ४ तास.

भट्टीवाला: ९०० ला साध्या टायटानियाचं काम होत नाही, ११०० तरी हवं. टायटानियाच्या कणावर आधी टायटनेटची साल धरते, मग बेरियमला त्या सालीतून आत शिरावं लागतं. कण जाड असेल तर गाभा तसाच राहतो. खल सोडा. झिर्कोनियाच्या (कठीण सिरॅमिकच्या) गोळ्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून बॉल मिल रात्रभर चालवा.

ऑक्झलेटप्रेमी: कशाला एवढी दगदग? द्रावणातून बेरियम टायटनिल ऑक्झलेटचा साका पाडा, मग तो भाजा. त्यात दोन्ही धातू १:१ बसलेले असतात, ७००-८०० ला बारीक पावडर हातात.

भट्टीवाला: आणि त्यासाठी लागणारं टायटॅनियम टेट्राक्लोराइड उघडताना उठणारा धूर? पीएच जरा हलला की १:१ प्रमाण गेलं.

ऑक्झलेटप्रेमी: फ्यूम हूड (धूर ओढून घेणारं कपाट) त्यासाठीच असतं. आमच्याकडे सगळे हेच करतात.

सांगलीकर: सौम्य ॲसेटिक ॲसिडने धुवा, पीक गायब.

भट्टीवाला: अहो, पीक गेलं तरी ते बेरियम पण वाहून गेलं ना! टायटॅनियम जास्त उरलं की १३२० च्या पुढे सिंटर करताना (पावडर तापवून घट्ट करताना) द्रव सुटतो आणि दाणे वेडेवाकडे वाढतात. मृण्मयी, कार्बोनेट वाळवून तोललं होतं का?

पिझो_पुणे: शिसं उडतं, क्रुसिबल (भाजायची मूस) झाकून ठेवा. आजूबाजूला पीझेडटीची (शिसं असलेल्या सिरॅमिकची) पावडर पसरा.

मृण्मयी_एमएस्सी: माझ्यात शिसं नाहीये हो! कार्बोनेट २०० ला वाळवूनच तोललंय. ११०० चं काय करू, आमची भट्टी १००० च्या वर जात नाही.

भट्टीवाला: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! मग नॅनो टायटानिया घ्या, मिल करा, ९५० ला भाजा, मधे काढून पुन्हा घोटा. ४५ अंशांचं पीक दुभंगलं (ती टेट्रागोनल स्फटिकरचनेची खूण) नाही तरी घाबरू नका, कण फार बारीक असले की ते एकसंधच दिसतं.

सांगलीकर: मास्क लावा. बेरियम कार्बोनेट पोटात गेलं तर विष आहे.

पिझो_पुणे: एक्सआरडी कुठे करता? आमच्याकडे नंबरच लागत नाही.

मृण्मयी_एमएस्सी: मिल शेजारच्या लॅबमध्ये आहे, आजच विचारते. भट्टीवाला दादा, गोळ्या कुठल्या मापाच्या घेऊ?