कांदिन्स्कीची चित्रं पत्त्यांवर: हवीत की नकोत?

चित्रवेल्हाळ:
आधुनिक चित्रकारांची चित्रं छापलेले पत्त्यांचे कॅट हल्ली सर्रास मिळतात. माझा विरोध आहे. रशियन अमूर्त चित्रकार कांदिन्स्कीचं १९२३ चं 'कॉम्पोझिशन ८' घ्या. कॅनव्हास १४० सेंमी उंच, २०१ सेंमी रुंद, म्हणजे आडवा. पत्ता उभा, साधारण ६३ बाय ८८ मिमी. तो काठोकाठ भरायचा तर चित्राची निम्मी रुंदी छाटावी लागते. मधला भाग ठेवला की डावीकडचं ते काळं-जांभळं मोठं वर्तुळ गेलंच. अख्ख्या चित्राचा तोल त्याच्यावर आहे! उरलेल्या रेघा-त्रिकोणांना कांदिन्स्की कसं म्हणायचं?

उतारी:
छाटू नये, मान्य. पण न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात जाऊन ते चित्र बघणं कितीजणांना जमतं? पत्ता तासन्तास हातात राहतो. आणि कांदिन्स्कीनेच लिहून ठेवलंय की म्युनिकमध्ये एका संध्याकाळी त्याला खोलीत एक विलक्षण सुंदर चित्र दिसलं, ते त्याचंच होतं, आडवं टेकवून ठेवलेलं. चित्र फिरलं म्हणून मरत नाही.

चित्रवेल्हाळ:
किस्सा पुरा सांगा की. दुसऱ्या दिवशी उजेडात तो परिणाम पुरता परत आला नाही, कारण चित्रातल्या वस्तू ओळखू येत होत्या. वस्तू चित्राला मारक आहेत, हे त्याला तिथे उमगलं. त्यानंतर वर्षानुवर्षं प्रत्येक आकाराची जागा त्याने तोलूनमापून ठरवली. तीच जागा तुम्ही कात्रीने बदलताय.

किलवरची राणी:
मी खेळणारी, म्हणून खेळाचं बोलते. पानं हातात पसरली की प्रत्येकाची डावी कडा आणि कोपरा तेवढा दिसतो. तिथेच लाल-काळ्या आकारांची गर्दी असेल तर बदाम की इस्पिक, हे चटकन कळत नाही. चित्रकाराने कॅटच नवा घडवावा, उसनं चित्र चिकटवू नये. १९४१ च्या सुमारास फ्रान्सच्या मार्सेय बंदरात नाझींपासून निसटायची वाट बघत अडकलेल्या फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतों आणि त्याच्या अतिवास्तववादी (स्वप्नं आणि सुप्त मन कलेत आणणाऱ्या) मित्रांनी तेच केलं. बदाम-इस्पिक वगैरेंच्या जागी चार कल्पना आणि त्यांच्या खुणा: प्रेमाला ज्वाला, स्वप्नाला काळा तारा, क्रांतीला चाक, ज्ञानाला कुलपाचं भोक. राजा, राणी, गुलाम हद्दपार. त्यांच्या जागी प्रतिभावंत, जलपरी आणि मांत्रिक. याला म्हणतात पत्ते!

उतारी:
सुंदरच. पण त्याला चित्रकार हयात लागतो, कांदिन्स्की १९४४ मध्येच गेला. मग माझी मागणी एवढीच: न छाटता अख्खं चित्र छापा. ६३ मिमी रुंदीत ते ४४ मिमी उंच येतं, निम्मा पत्ता मोकळा राहतो. तिथे खूण, अंक, चित्राचं नाव आणि साल टाका.

चित्रवेल्हाळ:
इतकं करणार असाल तर एक्क्यापासून दश्शीपर्यंत माझी हरकत नाही. राजा-राणी-गुलामाची पानं मात्र सोडा. दोन्हीकडून सारखी दिसावीत म्हणून तिथे अर्धं चित्र उलटं करून जोडतात, ते मला अजिबात मंजूर नाही.