मुद्दाम बदललेले स्पेलिंग: टीका की नुसता टोमणा?

प्रश्न
टीका करण्यासाठी शब्दाचे स्पेलिंग मुद्दाम बिघडवण्याची पद्धत इंग्रजीत जुनी आहे. १९६० च्या दशकातील बंडखोर तरुण अमेरिकेच्या नावात ‘सी’ऐवजी ‘के’ घालून त्याला जर्मन, म्हणजे नाझी राजवटीची आठवण करून देणारे वळण देत. तेथेच तीन ‘के’ लिहिले की कू क्लक्स क्लान या कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या वर्णद्वेषी संघटनेची आद्याक्षरे उमटतात. उच्चार मात्र बदलत नाही. मग याला टीका म्हणावे की टोमणा?

प्रतिसाद १
उच्चार न बदलणे हेच त्यातले मर्म आहे. इटलीत फ्रान्चेस्को कोस्सिगा गृहमंत्री असताना आंदोलक त्यांचे आडनाव भिंतींवर ‘के’ने लिहीत आणि मधले दोन ‘एस’ एसएस या नाझींच्या निमलष्करी दलाच्या विजेसारख्या चिन्हांत रंगवत. मार्च १९७७ मध्ये बोलोन्यात कॅराबिनिएरी या लष्करी पोलीस दलाच्या गोळीने एक विद्यार्थी मारला गेला आणि शहरात चिलखती गाड्या उतरल्या. हे ठाऊक असलेल्या वाचकाला त्या तीन अक्षरांत अख्खे आरोपपत्र दिसत असे, पण तेच नाव मोठ्याने वाचले तर त्यात आक्षेप घेण्याजोगे काहीच नव्हते.

प्रतिसाद २
सगळेच टोमणे नसतात. ‘विमेन’मधले ‘मेन’ नको म्हणून काही स्त्रीवाद्यांनी ‘ई’च्या जागी ‘वाय’ लिहिला, तो स्वतःची ओळख सांगण्यासाठी. मिशिगनमध्ये १९७६ ते २०१५ पर्यंत भरणाऱ्या संगीत महोत्सवाच्या नावात तेच स्पेलिंग होते. परंतु महोत्सव जन्मतः स्त्री असलेल्यांसाठीच आहे, या आयोजकांच्या भूमिकेवरून वाद पेटला आणि ते अक्षर पारलिंगी स्त्रियांना वगळण्याची खूण म्हणूनही वाचले जाऊ लागले. स्पेनमध्ये रिकामी घरे ताब्यात घेऊन राहणाऱ्यांचा ‘के’ने लिहिलेला ‘ओकुपा’ तर थेट स्पॅनिश भाषेच्या राजअकादमीच्या कोशात जाऊन बसला, म्हणजे बंड म्हणून तो संपलाच! मायक्रोसॉफ्टच्या ‘एस’ला डॉलर करणे मात्र मला पोरकट वाटते, कारण कंपनी पैसे मिळवते हे सांगायला चिन्ह कशाला हवे?

प्रश्नकर्ता
मग देवनागरीत हे जमावे कसे? आपल्याकडे ‘क’ एकच.

प्रतिसाद १
ऱ्हस्व-दीर्घाचा आधार आहे. ‘कामगार दिन’ ऐवजी ‘कामगार दीन’ लिहिले की कानाला फरक जेमतेम कळतो, पण डोळ्याला अर्थ पूर्ण उलटलेला दिसतो. अट एवढीच, की मुद्रितशोधकाने ती चूक समजून दुरुस्त करता कामा नये.