नेत्रपेढ्या कंपन्यांच्या ताब्यात द्यायच्या?

कृष्णाकाठ: काल इथे एकाने लिहिलं की नेत्रदान धर्मादाय संस्थांच्या भरवशावर चालायचं नाही, नेत्रपेढ्या कंपन्यांना द्या, नफा दिसला की डोळे आपोआप जमतील. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

आई पहाटे चारला गेली. पंखा बंद केला, उशी उंच केली, पापण्यांवर ओला कापूस ठेवला. पाऊण तासात नेत्रपेढीचा मुलगा मोटारसायकलवर बर्फाचा डबा घेऊन आला. वीस मिनिटांत काम आटोपलं. जाताना त्याने आईच्या पापण्या नीट मिटवल्या, हात जोडले. मग आत्याने सगळ्यांसमोर विचारलं, "किती दिले त्यांनी?" काहीच नाही म्हटल्यावर गप्प झाली. पुढच्या वर्षी काका गेले तेव्हा नेत्रपेढीला फोन तिनेच करायला लावला. मागे कंपनी असती तर आत्याला मी काय सांगितलं असतं?

हिशेबनीस: तुमच्या आईंना नमस्कार. पण फुकट कुठे आहे? माझ्या भावाला दानात आलेलं बुबुळ (डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा) बसवलं तेव्हा बिलात प्रोसेसिंगचे पैसे लावलेच होते. 1994 चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा विक्रीला बंदी घालतो, प्रक्रियेच्या खर्चाला नाही. अमेरिकेतही 1984 पासून तेच आहे, तरी सिॲटलच्या साइटलाइफ या बिननफ्याच्या नेत्रपेढीतून कॉर्नियाजेन ही नफ्याची कंपनी निघालीच. काही आभाळ कोसळलं नाही.

कृष्णाकाठ: खर्च घ्या ना! रक्ताच्या तपासण्या, बुबुळाच्या पेशी मोजणं, पेट्रोल, सगळ्याचे घ्या. पण नफा म्हटला की जास्त पैसे देणारा आधी. सरकारी दवाखान्यातल्या माणसाने कुठे उभं राहायचं?

रातपाळी: अकरा वर्षं नेत्रपेढीत तंत्रज्ञ आहे. तुमचं भांडण भलत्याच जागी चाललंय. दरवर्षी 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा, फेऱ्या, फोटो, मेल्यावर डोळे देईन अशा संकल्पाच्या फॉर्मांचे गठ्ठे. खिशात कार्ड सापडलं म्हणून मला एकही कॉल आलेला नाही. वॉर्डात कुणीतरी घरच्यांना वेळेवर विचारलं म्हणून येतात. हैदराबादच्या रामायम्मा नेत्रपेढीने त्यासाठी रुग्णालयांत समुपदेशक बसवले. फॉर्म बंद करा, माणसं नेमा.

पिंपळपान: फॉर्मला नावं ठेवू नका! गावात दारोदार फिरून मी चारशे भरून घेतलेत. सासऱ्यांनी भरला होता म्हणूनच दिरांचं तोंड बंद झालं.

रातपाळी: आणि तेराव्याला कपाटात सापडतात ते? घरच्यांनी नाही म्हटलं तर तुमचा फॉर्म घेऊन मी दारातूनच परत फिरतो, ताई.

पिंपळपान: ताई म्हणून गप्प बसवू नका. मावशी गेली तेव्हा रात्री अडीचपासून नेत्रपेढीचा फोन वाजत होता, कुणी उचलला नाही. उजाडल्यावर उचलला, तोवर डोळे घ्यायचे सहा तास उलटून गेले होते. तिचा फॉर्म मीच भरून घेतला होता. घरच्यांना काय तोंड दाखवू?

हिशेबनीस: हेच तर मी सांगतोय. कंपनीने फोन उचलला असता.

रातपाळी: ती आमची पेढी होती की दुसरी, माहीत नाही. तरी माफी मागतो. आमच्याकडे रात्री एकच माणूस असतो. तो एका घरी बुबुळं काढत असला की दुसरा फोन वाजतच राहतो. पण त्यासाठी दुसरा माणूस हवा, कंपनी कशाला? काठमांडूच्या तिलगंगा या डोळ्यांच्या संस्थेने पशुपतीच्या घाटाशीच डोळे घ्यायची सोय केली, तीही नफ्याविना. एमके या साठवणीच्या द्रवात बुबुळ चार दिवस टिकतं, मदुराईच्या ऑरोलॅबच्या कॉर्निसोलमध्ये चौदा. तोही ट्रस्टच आहे.

हिशेबनीस: बरं, मदुराईचं मान्य, तेवढंच. पण देशात जमलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपासच बसवली जातात, त्याचा जाब कोण विचारणार? कंपनीला तोटा दिसला असता तर तिने विचारला असता.

रातपाळी: काहींच्या पेशी कमी निघतात, काहींच्या रक्तात कावीळ निघते, तिथे इलाज नाही. पण दिवाळीत शस्त्रक्रियेला डॉक्टर मिळाले नाहीत म्हणून चांगली बुबुळं वाया गेलेली मी पाहिलीत. इथे तुम्ही बरोबर आहात. सांगताना लाज वाटते.

कृष्णाकाठ: मग जाब आपण देणाऱ्यांनीच विचारायचा. आईची बसवली की नाही, हे मीही कधी विचारलं नाही. उद्या फोन करते.

पिंपळपान: रातपाळी, रात्रीच्या दुसऱ्या माणसाला महिन्याला किती लागतात तो आकडा सांगा. रविवारी मंडळाची बैठक आहे. आणि फॉर्म मी भरून घेणारच.