पाचच काडतुसे का?
रिव्हॉल्व्हरला सहा घरे असताना काउबॉय नेमबाजीत (जुन्या काउबॉय काळातल्या धाटणीच्या बंदुकांनी खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत) पाचच काडतुसे भरायला लावणे हा निव्वळ दिखाऊपणा आहे, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. या खेळातल्या १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा (काडतुसावर आदळून बार उडवणारा मागचा भाग) पूर्ण खाली असला की त्याचे टोक थेट काडतुसाच्या बुडाशी टेकते, त्यामुळे रिव्हॉल्व्हर हातातून पडले तरी बार उडू शकतो. टेक्सासमधील माझ्या पहिल्या सामन्यात काडतुसे भरण्याच्या टेबलाशी बसलेल्या एका आजोबांनी मला क्रम शिकवला होता: एक काडतूस भरायचे, एक घर सोडायचे, पुढे चार भरायची, मग घोडा पूर्ण ओढून अलगद खाली आणायचा; तो बरोबर रिकाम्या घरावर उतरतो. एवढे शिकूनही प्रत्येक बाराआधी घोडा अंगठ्याने ओढावा लागतो, हे मी ऐन वेळी विसरलो आणि (आधुनिक पिस्तुलाची सवय!) नुसताच चाप दाबत राहिलो.