‘एकोणपन्नास’मधला ‘ऊन’

खानापूरहून शंका :
माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या कन्नड माध्यमातील एका मुलीने ‘एकोणपन्नास’ ऐकून सलग तीनदा ५९ लिहिले आणि चूक दाखवल्यावर विचारले, “बाई, तुम्ही पन्नास म्हणताय, मग त्यात चाळीस कुठून आले?” तिच्या ‘नलवत्तोंबत्तु’मध्ये चाळीस आणि नऊ सरळ ऐकू येतात. आपल्या शब्दातील ‘एकोण’ची फोड कशी करावी?

शहापूरहून उत्तर :
संस्कृत ‘एकोनपञ्चाशत्’ म्हणजे एक + ऊन + पञ्चाशत्, अर्थात एकाने कमी असे पन्नास. हा ‘ऊन’ उन्हाचा नव्हे. ‘उणे’ आणि ‘उणीव’ या शब्दांत जो आहे तोच. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही रीत टिकते आणि नव्व्याण्णवला मोडते. मात्र कन्नड केवळ बेरीज करते असे समजू नये, कारण ‘ओंबत्तु’ या शब्दाची व्युत्पत्तीही ‘दहाला एक कमी’ अशीच सांगतात. म्हणजे वजाबाकी तिथेही आहे, फक्त ती नवाच्या पोटात लपली आहे. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली २१ साठी ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा वादात दक्षिणेकडील भाषांचा दाखला दिला गेला होता. आपल्या भागातील मुले दोन्ही रीती एकाच दिवसात ऐकतात, त्यामुळे हा वाद मला तरी थोडा पुस्तकी वाटला.

रविवार पेठेतून भर :
दुकानात हा ‘ऊन’ फार उपयोगी पडतो. ४९ रुपयांचे बारा नग घेतले तर आमचे वडील कागद न घेता “सहाशेला बारा कमी, पाचशे अठ्ठ्याऐंशी” असे सांगत. चाळीस बारे आणि नऊ बारे वेगळे करून मिळवणारा तोवर हातचाच शोधत असे.

निपाणीहून उत्तर :
त्याच वजाबाकीचा एक सुंदर परिणाम पाहावा. १ ला ४९ ने भागल्यास ०.०२०४०८१६३२६५३०… असे उत्तर येते, म्हणजे दोन-दोन अंकांच्या घरांत २, ४, ८, १६, ३२ अशी दुप्पट होत जाते. पुढे ६४ हवे तिथे ६५ दिसतात, कारण त्यानंतरच्या १२८ मधील शेकड्याचा १ मागच्या घरात मिसळतो. दुपटीचे कारण नावातच आहे : ४९ म्हणजे ५० उणे १, म्हणून १/४९ ही १/५०, १/५० चा वर्ग, १/५० चा घन अशा न संपणाऱ्या श्रेणीची बेरीज ठरते, आणि १/५० म्हणजेच ०.०२. दशांश अपूर्णांकातील अंकांचा गट बेचाळीस अंकांनंतर पुन्हा सुरू होतो.

नाव जे सांगत नाही ते म्हणजे ४९ हा ७ चा वर्ग आहे. ते पुराणाने जपले आहे. इंद्राने दितीच्या गर्भाचे सात तुकडे केले आणि प्रत्येकाचे पुन्हा सात, म्हणून मरुद्गण एकोणपन्नास. शिवाय ६७ चा वर्ग ४४८९ आणि ६६७ चा ४४४८८९, म्हणजे ४९ च्या मधोमध ४८ घालत गेले तरी वर्ग मोडत नाही.

खानापूरहून :
आभारी आहे. मुलीला आज ‘पन्नासला एक कमी’ असे म्हणायला लावले, तेव्हा तिने ४९ बरोबर लिहिले. पुढे ‘एकोणसाठ’ म्हटल्यावर क्षणभर थांबली, ओठांतल्या ओठांत ‘ऐवत्तोंबत्तु’ म्हणाली आणि मग ५९ लिहिले.