मदत हवी आहे: सिकलसेलबद्दल वस्तीत कसं बोलावं?

नमस्कार. मी नागपुरात सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. त्याआधी चार वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तीच मुलं दर उन्हाळ्यात परत यायची. पारा ४५ च्या घरात गेला, अंगातलं पाणी कमी झालं, की हातापायांत कळा सुरू. सलाईन, सुट्टी, पुन्हा भरती. वॉर्डाबाहेर काहीतरी करायला हवं असं वाटून इकडे वळले.

प्रबंधासाठी उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत जाते. गेल्या आठवड्यात एका मुलीचा रिपोर्ट एएस आला. म्हणजे दोनपैकी एकच जनुक सिकलसेलचं; ती वाहक आहे, आजारी नाही. हे मी तिच्या आईला दोनदा सांगितलं. त्या माउलीने माझा हात धरला, "म्याडम, कोनाले सांगू नका, पोरीचं लगन व्हाचं हाय." दुसऱ्या दिवशी शेजारच्या तीन घरांनी तपासणीसाठी रक्त द्यायला नकार दिला.

दोन ठिकाणी अडले आहे. आईवडील दोघंही एएस असतील तर मूल एसएस (दोन्ही जनुकं सिकलसेलची, म्हणजे आजारी) होण्याची शक्यता २५ टक्के, असं मी सांगते. बायका ऐकतात ते असं: चारातलं एक आजारी, पहिलं झालं, आता पुढची तीन चांगली! खरं तर दर गरोदरपणात ती शक्यता नव्याने तेवढीच असते. हे कसं पोचवायचं?

दुसरं, तपासणीला मुलीच येतात. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या मुली-मुलगे दोघांचीही तपासणी अपेक्षित आहे, पण मुलगे फिरकतच नाहीत. जोडीदार एए (एकही जनुक सिकलसेलचं नाही) असेल तर मूल एसएस होत नाही, पण त्याचं रक्त कोणी तपासलेलंच नसतं आणि दोष मुलीच्या माथी.

प्रतिसाद १
ताई, आकडा सांगूच नका. दोन डबे न्या, एक आईचा, एक बापाचा; प्रत्येकात एक हरभरा (चांगला), एक वाटाणा (सिकलसेलचा). बाईलाच दोन्हींतून एकेक दाणा काढू द्या. दोन्ही वाटाणे आले तर एसएस. दाणे परत टाकून पुन्हा काढायला लावा. लागोपाठ दोनदा वाटाणे निघाले की वस्ती गप्प होते, मग समजावावं लागत नाही.

प्रतिसाद २
ग्रीसमधल्या ऑर्खोमेनोस गावात १९७० च्या दशकात हाच घोळ झाला. तपासणी झाली आणि वाहकांवरच शिक्का बसला. उलट सायप्रसमध्ये थॅलेसेमिया या अशाच आनुवंशिक रक्तविकारासाठी लग्नाआधी दोघांचीही तपासणी होते, आणि दोघं वाहक निघाले तरी बहुतेक जोडपी लग्न करतात, कारण पुढे गर्भाची तपासणी करता येते हे त्यांना माहीत असतं. तुम्हीही रिपोर्टसोबत हा पुढचा रस्ता सांगा. आणि रिपोर्ट घरात, शेजारी नसताना द्या.

धागाकर्ती
शेवटची चूक माझीच. ओट्यावर, चार जणींसमोर वाचला होता मी तो रिपोर्ट. त्या माउलीकडे उद्या जाऊन माफी मागते, मग डबे. मुलग्यांना कुणी कुठे गाठलंय? क्रिकेटचं मैदान, आयटीआय, गणेश मंडळ, काहीही चालेल, अनुभव सांगा.