बीएस-6 ट्रक घाटात ओढत नाही, रिजन (फिल्टरमधली काजळी जाळणं) रोज मागतो. डीपीएफ (सायलेन्सरच्या लाइनमधला काजळीचा फिल्टर) उतरवायचा का?

घाटवाट:
सहा सिलिंडर, 6.7 लिटर, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारा जास्त दाबाचा पाइप), बीएस-6. भरलेली गाडी खंबाटकी चढताना पुलिंग नाही. धूर मात्र अजिबात नाही. आधी आठवड्याला होणारं रिजन आता रोज. दोनदा लॅपटॉप लावून फोर्स रिजन (जबरदस्तीने रिजन) केलं, दोन दिवसांत रिजनचा दिवा परत. मेस्त्री डीपीएफ उतरवून साफ करू म्हणतात. करू का?

नोझल_टिप:
थांबा दादा, एवढ्यात उतरवू नका. बीएस-4 मध्ये हवा कमी पडली की सायलेन्सरमधून काळा धूर दिसायचा. आता तीच काजळी डीपीएफ अडवतो, म्हणून धूर दिसत नाही आणि फिल्टर रोज भरतो. पुलिंग जाणं आणि रिजन वाढणं एकत्र आलं की पहिला संशय टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा) ते मॅनिफोल्ड (ती हवा सिलिंडरांना वाटणारा पाइप) यांमधल्या हवेच्या गळतीवर.

इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणारा) दोन्ही होज काढा. एका तोंडाला बूच, दुसऱ्याला गेज आणि व्हॉल्व्ह. बूच साखळीने बांधा, सुटलं तर गोळीसारखं येतं. 30 पीएसआय (दाबाचं माप) हवा भरून व्हॉल्व्ह बंद करा. 15 सेकंदांत 5 पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर इंटरकूलर गळतोय. साबणाचं पाणी टाकून जागा शोधा, इंटरकूलरच्या टाकीचे कोपरे आधी. होज उलटेसुलटे करून क्लॅम्पखालची चीर बघा. गाडी उभी असताना ती मिटलेली असते, लोडवरच उघडते.

काळंऑइल:
एअर फिल्टरचा इंडिकेटर लाल आहे का, तेही बघा. पाइपात हलका तेलकटपणा चालतो, पण ऑइल साचलं असेल तर टर्बोचं सील आणि ऑइल रिटर्न पाइप तपासा.

ऑइल कोणतं टाकता? सीके-4च (डिझेल इंजिन ऑइलचा दर्जा) हवं, त्यात सल्फेटेड राख (ऑइल जळून मागे उरणारी) 1 टक्क्याच्या आत असते. काजळी रिजनमध्ये जळते, राख कधीच जळत नाही. राखेने भरला असेल तरच डीपीएफ उतरवून मशीनवर साफ करायचा. प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका, आतला सिरॅमिक जातो.

घाटवाट:
इंटरकूलरने 30 धरलं. टर्बोकडच्या होजला क्लॅम्पखाली दोन इंच चीर निघाली. इंजेक्टरही तपासू का? चालू इंजिनवर डिझेल पाइपाचा एकेक नट ढिला करून?

नोझल_टिप:
अजिबात नको! रेलमधलं प्रेशर हजार बारच्या वर जातं, डिझेल कातडीत घुसतं आणि हात गमवावा लागतो. सिलिंडर कटआउट (एकेक सिलिंडर बंद करून तपासणी) लॅपटॉपवरूनच करा. होज आणि क्लॅम्प दोन्ही नवे घ्या. बसवण्याआधी पाइपाचं टोक तेलाविना कोरडं पुसा, नाहीतर लोडवर होज निसटतो. मग एक पार्क रिजन (उभ्या गाडीत रिजन) द्या, गाडी वाळल्या गवतावर उभी न करता. त्यानंतर दोन रिजनमधले किलोमीटर लिहून ठेवा.